गोणीतली नऊ गाणी

दादाच्या मामांनी ज्या गोष्टीचे तीन ढीग केले नाहीत, अशी गोष्ट जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत शोधून सापडायची नाही. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि मामा म्हणजे त्याच्या आईचे सख्खे भाऊ. माझे ते तसे कोणी लागत नाहीत, पण आमच्या घरात सगळेच त्यांना मामा म्हणतात, माझे बाबासुद्धा. मंचरच्या मार्केटात एका आडत्याच्या गाळ्यावर त्यांनी चाळीस वर्षं कांदा पाहिला. शेतकऱ्याची गोणी आली की ती ओतायची, एका हाताने ढीग चाळवायचा आणि माल कुठल्या प्रतीचा ते मोठ्याने सांगायचं, हे त्यांचं काम. मोठा, गोल, एकसारखा कांदा तो गोळा. त्याहून लहान ती गोल्टी. आणि फुटका, जोड किंवा कोंब आलेला असेल तर तो बदला. मी इंग्रजी शाळेत शिकले. बदला हा शब्द मला फक्त टीव्हीवरच्या हिंदी सिनेमांतून माहीत होता. त्यामुळे लहानपणी मामा ढिगाकडे बघून 'ह्यो सगळा बदला हाय' असं म्हणाले, की मला वाटायचं, आता कोणाचं तरी काही खरं नाही.

मामा रिटायर झाले तेव्हा कांदा थांबला, पण हात थांबला नाही. घरातले चमचे, दिवाळीचे पाहुणे, पुढाऱ्यांची भाषणं, एसटीचे ड्रायव्हर, सगळं ते निवडत राहिले. ढीग तीनच. चौथा ढीग असतो हे त्यांना मान्य नव्हतं. 'चौथा ढीग घातला की समजायचं, बघणाऱ्याला कळंना झालंय,' असं ते म्हणायचे. लिलाव पुकारणारा माणूस चाळीस वर्षं त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून ओरडला, त्यामुळे त्यांचा डावा कान, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, 'मार्केटातच ऱ्हायला'. उजवा कान शाबूत आहे, पण एका कानावर जगाचा आवाज मोजून मामा बोलतात, त्यामुळे त्यांची कुजबुजही चार रांगांपर्यंत पोचते. आळेफाट्याच्या एका मंगल कार्यालयात मंगलाष्टकं चालू असताना ते बाबांच्या कानाला लागून म्हणाले, 'पावणं, नवरदेव गोल्टी हाय. नवरी गोळा. पर भटजी बघा, लई भारी माल!' नवरदेवाने मुंडावळ्यांतून मागे वळून पाहिलं. भटजींनी पुढचं कडवं दुप्पट जोरात म्हटलं. मी खांबामागे होते. लग्नात मी नेहमी खांबामागेच असते, पण मामा असले की खांब जरा जाड निवडते. माझी प्रत त्यांनी कधी सांगितलेली नव्हती आणि मी कधी विचारलेली नव्हती.

खरं तर मी मामांना कधीच काही विचारलेलं नव्हतं. दर रविवारी सकाळी ते मंचरहून बाबांना फोन करतात. बाबांचा मोबाईल टीव्हीशेजारी चार्जिंगला असतो आणि त्या वेळी बाबा हमखास आंघोळीला गेलेले असतात. फोन मी उचलते. मी म्हणते, 'हॅलो.' मामा म्हणतात, 'हां, पावणं हायती का?' मी म्हणते, 'देते.' मग मोबाईल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी राहते. हे मी शाळेत असल्यापासून चालू आहे. दोन शब्दांच्या पलीकडे आमचं संभाषण गेलं नाही. फोनवर काय बोलायचं ते मला आधी पाठ करावं लागतं, आणि मामांसाठी पाठ केलेलं एवढंच होतं.

मामांच्या मते जगात पाप एकच, आणि ते म्हणजे मिक्सिंग. गोणीच्या तोंडाशी गोळा भरायचा आणि तळाला गोल्टी ढकलायची, याला मार्केटात मिक्सिंग म्हणतात. बाकी सगळे गुन्हे मामा समजून घेऊ शकतात. त्यांच्या घरी मांजर व्यायली तेव्हा त्यांनी पिल्लं अंगकाठीप्रमाणे तीन खोक्यांत ठेवली. मांजरीने तासाभरात सगळी उचलून पुन्हा एका खोक्यात आणली. मामांनी ती पुन्हा वेगळी केली, तिने पुन्हा एकत्र केली. संध्याकाळपर्यंत हे चाललं. शेवटी मामा तिच्यासमोर उकिडवे बसून दमलेल्या आवाजात म्हणाले, 'बाई, मिक्सिंग तुझ्या रक्तातच हाय.' दादाचे वडील, म्हणजे माझे काका, यांनाही त्यांनी सोडलं नाही. काका एकदा स्वतःचा कांदा घेऊन मंचरला गेले. गाळ्यावर आपला मेव्हणा आहे म्हणून निर्धास्त होते. मामांनी गोणी ओतली, हात फिरवला आणि भर मार्केटात पुकारा केल्यासारखं म्हणाले, 'दाजी, मिक्सिंग हाय!' काका त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. भाऊबीजेला मामा ओसरीवर, काका आतल्या खोलीत, आणि काकू दोघांचे निरोप नेऊन पोचवत होत्या. 'नातं घरी. गोणी मार्केटात,' एवढंच मामांचं उत्तर होतं, तेही आतल्या खोलीत नीट ऐकू गेलं.

अशा माणसाच्या भाच्याने रॉक बँड काढला.

काकांचं घर ओतूरच्या अलीकडे मळ्यात आहे. तिथे कांदा साठवायची लांबच लांब बराख आहे. जुना कांदा विकला गेला की नवा येईपर्यंत ती रिकामी असते. दादाने तिथे तालमी सुरू केल्या. थ्री फेजची वीज मोटारींसाठी, ती येईल तेव्हा सगळे पाणी धरायला पळणार. उरलेल्या वेळात सिंगल फेजवर जेवढं वाजेल तेवढं वाजवायचं. म्हणून बँडचं नाव 'सिंगल फेज'. ड्रम वाजवायला जुन्नरचा इम्रान. त्याच्या वडिलांचा गेट आणि ग्रिलचा कारखाना आहे. लहानपणापासून लोखंडावर हातोडा मारलेला असल्यामुळे इम्रानला ड्रम मऊ वाटतात. आणखी दोघे होते, ते फारसं बोलत नसत, त्यामुळे माझं त्यांच्याशी चांगलं जमायचं. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्या कामात हेडफोन लावायचे असतात, आणि हेडफोन लावलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही.

कांदा सडू नये म्हणून बराखीच्या भिंती बांबूच्या पट्ट्यांच्या असतात, मधे बोट जाईल एवढ्या फटी. वारा आत यावा म्हणून. वारा आत येई आणि गाणी बाहेर जात. अल्बममध्ये आठ गाणी ठरली आणि आठही एकमेकांना ओळख दाखवत नव्हती. पहिल्यात दादा नुसता किंचाळत होता. दुसऱ्यात गोंधळाचं संबळ होतं. तिसरं संथ सुरू होऊन मधेच कोणीतरी पाठलाग करत असल्यासारखं पळत सुटायचं. चौथ्यात शब्दच नव्हते. पाचवं इंग्रजीत होतं, त्याचे उच्चार मी गुपचूप सुधारले होते. सहाव्यात आळेफाट्याच्या चौकात रेकॉर्ड केलेले ट्रकचे हॉर्न होते. सातवं कव्वालीच्या ठेक्यावर, टाळ्यांना इम्रानचे चार चुलते. आठवी अंगाई होती, पण शेवटी ड्रम येत, त्यामुळे झोपलेलं बाळ जागं होईल अशी पूर्ण व्यवस्था होती. अख्खा अल्बम ऐकला की वाटायचं, आठ बँड एकाच एसटीत चढलेत आणि कोणालाच सीट मिळालेली नाही.

नववं गाणं माझं होतं. ते ठरवून झालं नाही. एका दुपारी सगळे चहाला गेले होते, मी माईक तपासत होते, आणि वहीत लिहिलेलं एक गाणं हळूच म्हणून पाहिलं. दादाने ते नंतर कॉम्प्युटरवर ऐकलं, त्याखाली त्याने गिटार घातली आणि म्हणाला, 'हे अल्बममध्ये जाणार.' फोन करायला घाबरणाऱ्या मुलीचं गाणं होतं ते. 'फोन लावण्याआधी मी वाक्य पाठ करते, समोरून हॅलो आलं की मीच परकी ठरते,' अशी सुरुवात होती. हे एकच गाणं बराखीच्या फटींतून बाहेर गेलं नव्हतं, इतकं ते हळू होतं. मी दादाला दोन अटी घातल्या. माझं नाव कुठे सांगायचं नाही. आणि लोकांना आवडलं तरच ठेवायचं, नाहीतर पुसून टाकायचं आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. दादा म्हणाला, 'बरं. नवा कांदा बराखीत यायच्या आत लोकांचं मत घेऊ.' त्या दिवसापासून मी लोकांच्या मताची वाट बघत होते, आणि वाट बघत नाही असं दाखवत होते. दुसरं काम जास्त दमवणारं होतं.

दादाने नऊ गाणी एका पेनड्राइव्हवर घालून तो नातेवाइकांना दिला, 'ऐका आणि मत सांगा' म्हणून. तो मामांच्या हाती लागला. मामांनी नऊ गाणी सलग ऐकली, तीही उजवा कान स्पीकरला टेकवून. मग ते एसटी पकडून थेट बराखीत आले. 'भाचेराव,' ते दारातूनच म्हणाले, 'ह्यो माल एका शेतातला न्हाई.'

'मामा, मुद्दामच वेगवेगळं केलंय,' दादा म्हणाला. 'आणि हे कच्चं आहे. अजून मिक्सिंग राहिलंय.'

मामांनी आधी दादाकडे पाहिलं, मग इम्रानकडे, मग काकांकडे. काका दाराशी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुना हिशेब फिटल्याचा आनंद पसरत होता.

'काय राह्यलंय म्हणालास?'

'मिक्सिंग. पुण्याला एक जण करून देतो.'

'पैला बापानं केलं,' मामा म्हणाले, 'आता पोरगं माणूस लावून करून घेणार. तेबी पुण्याच्या!'

'मामा, सगळेच करतात. केल्याशिवाय अल्बम बाहेर काढताच येत नाही.'

'सगळेच करत्यात हे मला चाळीस वर्सं शेतकरी सांगत आलेत, राव!'

इम्रानने समजावून सांगायचा प्रयत्न केला. मिक्सिंग म्हणजे ड्रमचा आवाज, गिटारचा आवाज, गळ्याचा आवाज नीट एकत्र करायचा, असं तो म्हणाला. 'म्हंजे लहान-मोठं एकत्र!' मामा विजयी स्वराने म्हणाले. मामांनी तिथेच जाहीर केलं, की गाण्यांची निवड ते स्वतः करतील, लोकांचं मत ते स्वतः आणतील, आणि निवड झाल्याशिवाय एकही गाणं पुण्याला जाणार नाही. मग ते माझ्याकडे वळले. मी हेडफोन घट्ट धरले. 'पोरी, तीन पेनड्राइव्ह काढ. गोळा, गोल्टी, बदला.'

मी तीन पेनड्राइव्ह काढले. मामा एकेक नंबर सांगत गेले आणि मी कॉपी करत गेले. दोन, सहा आणि सात गोळा. तीन, चार आणि आठ गोल्टी. एक आणि पाच बदला. पाचाचे उच्चार मीच सुधारले होते, तरी मी काही बोलले नाही. मग मी नवव्या गाण्यावर बोट ठेवून थांबले. गोल्टी म्हणाले असते तर मला चाललं असतं. बदला म्हणाले असते तरी मी समजून घेतलं असतं, निदान पहिल्या आणि पाचव्याची सोबत होती. मामा जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. 'ते ऱ्हाऊ दे,' ते म्हणाले. 'ते मला येगळं दे.' चौथा ढीग नसतो असं आयुष्यभर सांगणारा माणूस माझ्या गाण्यासाठी चौथा पेनड्राइव्ह मागत होता. फुटका, जोड, कोंब आलेला, या सगळ्यांच्याही खाली काहीतरी असतं, आणि मार्केटात त्याला नावसुद्धा नसतं, असं मला वाटलं. मी कॉपी केलं. 'का' हा एक अक्षराचा शब्द आहे, पण तो मी पाठ केलेला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस मामा मत गोळा करत फिरत होते. त्यांनी एक मोठा स्पीकर कांद्याच्या गोणीत घातला होता, जाळीतून आवाज चांगला येतो म्हणून. मंचर ते ओतूर एसटीत त्यांची आणि कंडक्टरची जी जुंपली, ती त्यांनी आम्हाला स्वतः सांगितली.

'बाबा, गोणीत काय?' कंडक्टरने विचारलं.

'गाणी.'

'गोणी दिसतीये मला. आत काय?'

'गाणी!'

'अहो, गोणीत गोणी का?'

'गोणीत गाणी, राव! आठ हायती!'

'आठ गोण्या एकीत कशा बसल्या?' म्हणून कंडक्टरने गोणीला हात लावला, तेवढ्यात आतून पहिलं गाणं सुरू झालं. कंडक्टर आपल्या जागेवर जाऊन बसला तो नारायणगाव येईपर्यंत उठला नाही.

गाणं पूर्ण ऐकवायचं मामांना पटत नव्हतं. मार्केटात अख्खी गाडी उपसत नाहीत, मूठभर वानगी बघतात. मामाही प्रत्येक गाण्याची दहा सेकंदांची वानगी दाखवत आणि लगेच विचारत, 'बोला!' लोक बोलत. मतं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहून ठेवत. आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याने किंचाळण्याचं गाणं डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, 'सायलेन्सर गेलाय. पर इंजिन झ्याक हाय. ह्याला बदला म्हणू नका, मामा, दुरुस्त व्हईल.' तिथेच चहा पीत असलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने सहाव्या गाण्यातला तिसरा हॉर्न कुठे मिळेल, एवढंच विचारलं. ओतूरच्या सलूनवाल्याचं मत धंद्याच्या अंगाने होतं: 'तिसऱ्या गाण्यावर कटिंग व्हईल, भाऊ. दाढी नाय व्हणार. मधीच पळतंय ते, वस्तरा कुठं जाईल सांगता येत नाय.' कांदे काढणाऱ्या बायकांनी शब्द नसलेलं चौथं गाणं ऐकून घेतलं, आणि त्यातली एक म्हणाली, 'ह्ये बरंय. कोणी काय सांगत नाय आपल्याला.' जुन्नरला इम्रानच्या वडिलांनी हातातलं काम थांबवून स्वतःच्या मुलाचा ड्रम ऐकला. 'लडका मेरा है, इसलिए अच्छा है,' ते आधी म्हणाले आणि मग मराठीत आले, 'पण मामा, संथ संपून जोरात सुरू होतं ना, तिथे जोड दिसतो. वेल्डिंग कच्चं आहे.' काकांच्या मळ्याशेजारी दूध घालणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांनी तर तक्रारच केली. दुसरं गाणं लागलं की त्यांची म्हैस पान्हा सोडत नव्हती. मामांनी 'म्हैस: विरोध' असं लिहून घेतलं.

ही मतं मला तुकड्यातुकड्यांनी कळत होती. रविवारी मामांचा फोन आला की मी नेहमीसारखी 'हॅलो' म्हणायची, 'देते' म्हणायची, आणि मग बाथरूमच्या दाराशी जरा जास्त वेळ उभी राहायची. मामांचा आवाज मोबाईलमधून बाहेर सांडतोच. आठ गाण्यांबद्दल सगळं ऐकू यायचं. नवव्याबद्दल एक शब्द नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. म्हशीचंसुद्धा मत नाही. दहा सेकंद ऐकून लोकांना ज्याच्याबद्दल काहीच म्हणावंसं वाटत नाही असं गाणं मी लिहिलं आहे, याची मला हळूहळू सवय व्हायला लागली. एका संध्याकाळी मी कॉम्प्युटरवरची नवव्या गाण्याची फाइल पुसायला निघाले होते. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं कॉम्प्युटरने विचारलं. मला कोणीही प्रश्न विचारला की मी गोंधळते. मी कॉम्प्युटर बंद केला.

काकांनी बराख झाडायला घेतली त्या रविवारी मामा निकाल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी नवा कांदा भरायचा होता, त्यामुळे बँडचं सामान बाहेर काढून कडब्याच्या पेंढ्यांवर ठेवलं होतं. मामांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली. लिलावाची सवय असल्यामुळे प्रत्येक मत ते तीनदा म्हणत. पहिलं गाणं बदल्यातून उठून गोल्टीत आलं होतं. दुसरं म्हशीमुळे गोळ्यातून खाली घसरलं होतं. इम्रान वडिलांचं मत ऐकून म्हणाला, 'घरी पण हेच, इथे पण हेच.' आठ गाणी झाली. मामांनी गठ्ठा बांधला.

'आणि नऊ?' दादाने विचारलं. विचारताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि ते इतकं उघड टाळलं की सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

'नऊ कोणाला ऐकवलंच न्हाई,' मामा म्हणाले.

'का?'

मामा जरा चिडले. दादा शेतकऱ्याचा मुलगा असून त्याने हे विचारावं याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. 'अरे, कांदा काढला की तुझा बाप पैलं काय करतो? चांगल्यातला चांगला, भरीव, निबर बघून चार पाट्या काढून ठेवतो का न्हाई? ते कांदे मंचरला आणतो का? कोणाला दावतो का? त्याला गोळा म्हणतो का गोल्टी?'

'ते बियाण्याचे असतात,' काका नकळत म्हणाले.

'हां! दाजींना कळलं. बियाण्याच्या कांद्याला मार्केटात भाव बी नसतो आन् नाव बी नसतं. त्याची वानगी दावायची नसती. त्यो घरी ठिवायचा.' मामांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कापडाची एक पुरचुंडी काढली. आत चौथा पेनड्राइव्ह होता. 'मी दोन तालुक्यांत फिरलो, पर ह्यो गोणीत नाय टाकला.'

मी पेंढ्यांवर बसले होते. हेडफोन माझ्या मांडीवर होते, कानावर नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. 'ते माझं आहे,' मी म्हणाले.

'म्हायतीये की,' मामा म्हणाले.

'कसं?'

'कसं म्हंजे? दर रविवारी ऐकतोय. हॅलो. देते. एवढीशी व्हतीस तवापासनं. गाण्यात त्योच हॅलो हाय.' त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं. 'पोरी, ह्या एका कानात आता माल लई कमी येतो. जो येतो त्यो मी नीट बघतो.'

मला वाटलं, आता इथे थांबावं. एवढं पुरे होतं. गाणं पुरचुंडीत राहिलं असतं, कोणी त्याला गोल्टी म्हटलं नसतं, म्हैस विरोधात गेली नसती, आणि मी पुन्हा खांबामागे जाऊ शकले असते. दादाने विचारलं, 'मग काय करायचं? हिचीच अट आहे, लोकांचं मत आल्याशिवाय ठेवायचं नाही.' मामा म्हणाले, 'तिलाच इचार.' पुरचुंडी त्यांनी माझ्यासमोर धरली होती, तळहातावर, जसा एखादा कांदा दाखवतात तशी.

'मामा,' मी म्हणाले. पुढचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं. 'बियाणं ठेवतात ते पुढे कधीतरी लावायलाच ना?'

मामांचा एक हात नकळत हवेत ढीग चाळवत होता. 'लावायलाच,' ते शेवटी म्हणाले. 'पर मी लावणार. आन् वानगी नाय दावायची. ऐकायचं तर आख्खं.'

त्यांनी ते दोन दिवसांत आख्खं ऐकवलं. लग्नपत्रिकेवर दोनच मतं आली. एक कांदे काढणाऱ्या बाईचं: 'पोरगी कोणाची हाय? लाव म्हणावं एकदाचा फोन.' दुसरं दूधवाल्या मावशींकडून: 'म्हशीला अडचण नाय.' ती पत्रिका मी मागून घेतली. अल्बमची नऊ गाणी त्याच आठवड्यात पुण्याला गेली. मिक्सिंग होताना मामा त्या माणसाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसले, आणि परत आल्यावर काकांना म्हणाले, 'दाजी, त्या पोरानं तळाला काय ढकललं न्हाई. सरळ माणूस हाय.' अल्बमवर नावांच्या यादीत 'मिक्सिंग' या शब्दाच्या वर एक ओळ त्यांच्या आग्रहाने घातली आहे: 'निवड: मामा'. नवव्या गाण्यापुढे माझं नाव आहे. मी एक अट मागे घेतली होती.

आताही रविवारी सकाळी फोन येतो. बाबा आंघोळीला असतात. मी म्हणते, 'हॅलो. बोला, मामा.' पहिल्या रविवारी ते गोंधळले. 'कोण बोलतंय? नंबर चुकला का?' असं त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला. पुन्हा लावला. मी पुन्हा म्हणाले, 'बोला, मामा.' तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात विचारलं, 'बरी हायेस ना?' मी म्हणाले, 'हो. तुम्ही?' ते म्हणाले, 'आमी बी बरं.' मग दोघांकडचंही बोलणं संपलं. त्यांच्या बाजूने पंख्याचा आवाज येत होता आणि आमच्या बाजूने बाथरूममधल्या नळाचा. ते चांगला कान लावून बसले असणार. बराच वेळ आम्ही तसेच होतो, दोघांनाही काही घाई नव्हती. मग मी म्हणाले, 'देते.'